पदराखालचा गिअर

मामंजी,

तुमच्याशी समोरून बोलायची मला मुभा नव्हती. आपल्या घरात सुनेनं सासऱ्यापुढं तोंड उघडायचं नाही, मान हलवायची, फार तर भिंतीकडं बघून पुटपुटायचं, अशी चाल होती. तुम्ही बोलायचात, मी ऐकायचे. आता तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला डोळे मिटावे लागतात, आणि मी स्वतःच म्हातारी झालेय, तेव्हा म्हटलं, आता बोलायला कुणाच्या बापाची भीती आहे? लिहायला मी नंतर शिकले, लेकीच्या शाळेच्या पाटीवर. तुम्हाला अक्षरओळख नव्हतीच. मैलाच्या दगडावरचे आकडे तेवढे वाचायचात. म्हणजे तुम्ही जिवंत असतात तरी हे कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि त्या वाचणाऱ्यापुढं तुमची काय शोभा झाली असती, हे मनात येऊन मला आत्ता हसू आलं. चांगलं हसू नाही ते. तुमच्याच घरात शिकले असेन.

मोटारीपासून सुरुवात करते, कारण त्या घरात माणसांच्या आधी मोटार होती. तुमची ती जुनी, कापडी टपाची, सात माणसांची मोटार, जिच्यात तुम्ही बारा-तेरा कोंबायचात. नगरच्या स्टँडवरनं सकाळी निघायची, रुई गावावरनं मिरजगावला जायची, दुपार कलली की परत. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई आधीच गेलेल्या होत्या. घरात तुम्ही आणि तुमचा मुलगा, माझा पहिला नवरा. त्यालाही मोटार तुम्हीच शिकवली होती आणि त्याच्या हातावर पान्याचे वळ मी लग्नानंतर पहिल्या आठवड्यातच पाहिले होते. मी विचारलं तर म्हणाला, "आबानं मारलं की गिअर बरूबर पडतो." वर हसला. बावळट होता बिचारा. लढाई लागली तसा तो पलटणीत ड्रायव्हर म्हणून गेला. पगारासाठी गेला असं लोक म्हणायचे, मला विचाराल तर तुमच्या पान्यापासून लांब गेला.

मग पेट्रोल मिळेना झालं. सगळ्यांनी मोटारींच्या मागं कोळशाच्या भट्ट्या बसवल्या आणि त्या गॅसवर गाड्या चालू लागल्या, रखडत, धूर ओकत. तुम्हीही बसवली. भट्टी उघडायची तर आधी निवू द्यावी लागते, हे तुम्ही दुसऱ्यांना ओरडून सांगायचात. आणि एका बाजारच्या दिवशी, दुसऱ्या मोटारवाल्यानं पॅसिंजर पळवू नयेत म्हणून, तुम्ही स्वतःच ती गरम असताना झाकण उचललंत. जाळ बाहेर आला तो डाव्या हातावर. हात राहिला, पण कोपरातनं आखडला आणि बोटं वाळक्या शेंगांगत वळली. लोकांना मात्र तुम्ही हात बरा झाला म्हणून सांगितलंत आणि लांब बाहीचा कोट घालायला लागलात. मी तुमच्या हाताला तेल लावायचे आणि तुम्ही भिंतीकडं तोंड करून मला शिव्या द्यायचात. मला तेव्हा तुमची दया यायची, हेही लिहून ठेवते.

आता गंमत बघा. मोटारीचं चाक, म्हणजे स्टेअरिंग, उजव्या हातानं धरता येतं. क्लच, ब्रेक आणि रेस पायांनी चालतात. गिअरची दांडी मात्र डाव्या हाताची. दुसरा ड्रायव्हर ठेवायचा तर ज्यांचे हात धड होते ते सगळे पलटणीत, आणि जे उरले होते त्यांना तुम्ही मोटारीला हात लावू दिला नसता. पोलिसाला कळलं तर लायसन जाणार. पॅसिंजरला कळलं तर लुळ्याच्या मोटारीत कोण बसणार? म्हणून एका दुपारी तुम्ही ओट्यावर बसून भिंतीला म्हणालात, "उद्यापासनं सुनंनं मोटारीत बसायचं. म्होरं. माझ्या डाव्या अंगाला." मला वाटलं माहेरी नेताय. माझं माहेर मिरजगावचंच ना! मी लुगडं बदलून, वेणी घालून तयार होऊन बसले होते. काय वेडी पोर!

तुम्ही मला सोलापूरच्या रस्त्यालगतच्या माळावर नेलंत. आधी इंजिन बंद ठेवून दांडीच्या जागा शिकवल्यात. पहिला, दुसरा, तिसरा, आणि मधली रिकामी जागा. डोळे मिटून. चुकलं की हाताच्या पाठीवर पाना. मग इंजिन चालू करून. त्या काळच्या मोटारींचा गिअर आताच्यासारखा मवाळ नव्हता, मामंजी. आता माझी नात गाडी चालवते, दांडी ढकलली की झालं, तिला त्यात काही करावंच लागत नाही. तेव्हा एका गिअरमधनं दुसऱ्यात जायला क्लच दोनदा दाबायचा. एकदा दाबून दांडी मधल्या जागेत आणायची, क्लच सोडायचा, आतली चाकं एकमेकांच्या वेगाला येऊ द्यायची, मग परत दाबून दांडी पुढं सारायची. वर चढवताना नुसतं थांबायचं, श्वास घेतो तेवढं. खाली उतरवताना मध्येच रेस द्यायची, आणि इंजिनाचा आवाज चढत चढत जिथं गाडीच्या वेगाला मिळतो, तिथंच दांडी लोटायची. तेवढ्या एका जागी ती आपणहून आत जाते, बोटानंसुद्धा. थोडं आधी की थोडं नंतर, आणि गिअर ओरडतो. लोखंडावर लोखंड. माणसाच्या दातातून कळ जाते.

एकट्याला हे जमायला वर्ष लागतं. आपल्याला ते दोघांत करायचं होतं. पाय तुमचा, हात माझा. आणि बोलायचं नाही! "गिअर घाल" असा एक शब्द जरी तुमच्या तोंडून निघाला तरी मागच्या पॅसिंजरला कळलं असतं. म्हणून मी तुमचा गुडघा बघायला शिकले. डावा गुडघा जरा उचलला की पाय क्लचवर आला, खाली गेला की दाबला. डोक्यावरनं पदर ओढलेला, मान खाली, नजर तुमच्या गुडघ्यावर, आणि पदराचा घोळ दांडीवर टाकलेला, त्याच्या आत माझा उजवा हात. लोक म्हणायचे, काय मर्यादशील सून आहे, मान वर करत नाही. एक म्हातारी तर तिच्या सुनेला माझा दाखला द्यायची. मला आतून असं व्हायचं की सांगावं, आजी, मी मर्यादा पाळत नाहीये, मी तुमची मोटार चालवतेय.

गिअर ओरडला की तुम्ही पॅसिंजरांपुढं काही म्हणायचा नाहीत. खोकायचात. नुसतं एकदा. त्या खोकल्याचा हिशोब घरी व्हायचा. घरी आलं की चुलीपुढं, मी भाकरी थापत असताना, तुम्ही दारात उभं राहायचात आणि म्हणायचात, "रुईपाशी ओरडला." पाना हातातच असायचा. "हात." मी पिठाचा हात पुढं करायचे. आणि त्याच हातानं पुढची भाकरी थापायचे, आणि ती तुम्ही खायचात, आणि एकदा म्हणालात, भाकरी जाड झाली. हात सुजलेला असल्यावर भाकरी पातळ थापून दाखवा कुणीतरी! ज्या दिवशी गिअर ओरडला त्या दिवशी मला जेवण नाही, असा तुमचा कायदा होता. मी गपचूप पीठ कालवून खायचे, तुम्ही डोळा लागून पडलात की. तेही तुम्हाला माहीत होतं, कारण एकदा तुम्ही पिठाच्या डब्याला कुलूप घातलंत.

लुगड्याचं सांगते. त्या सगळ्या काळात तुम्ही मला एकच वस्तू दिलीत. नगरच्या बाजारातनं तपकिरी रंगाचं, जाड पोताचं, रुंद पदराचं लुगडं आणलंत. मला इतकं बरं वाटलं की मी ते छातीशी धरून आत गेले आणि सासूबाईंच्या फोटोपुढं उभी राहिले. दुसऱ्या दिवशी तुम्ही ते नेसायला लावलंत आणि ओट्यावर उभं करून उन्हात पदर धरून बघितलात, आरपार दिसतंय का. आधीच्या लुगड्यातनं हाताची हालचाल दिसत होती म्हणे. मी त्या दिवसापासून तुमच्याकडनं कशाची आशा केली नाही. निदान तसं मी स्वतःला सांगायचे.

आणि बांगड्या. मामंजी, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, माझ्या आताच्या नवऱ्याला, यांनासुद्धा नाही. माझ्या हातात काचेच्या बांगड्या होत्या, त्या गिअर घालताना किणकिणायच्या. तुम्ही त्यांना फडकं बांधायला लावलं होतंत. मग तार आली. तुमचा मुलगा परमुलखात कुठंतरी ट्रक उलटून गेला, म्हणजे लढाईत नाहीच, रस्त्यावर. आळीतल्या बायका आल्या, त्यांनी रीतीप्रमाणं माझ्या बांगड्या फोडल्या. मी जमिनीवर पडले होते. तुम्ही दारात उभे होतात, डोळ्यांत टिपूस नाही, आणि काचा गोळा करणाऱ्या बाईला तुम्ही म्हणालात, "बरं झालं. लई वाजत हुत्या." त्या बाईला वाटलं, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. मला एकटीला अर्थ कळला. दिवस घातल्यावर लगेच आपण मोटार काढली, आणि त्या दिवशी एकही गिअर ओरडला नाही, आणि तुम्ही मला भाकरीवर लोणी दिलंत. मी ते खाल्लं. भूक लागली होती.

लढाई संपली, पेट्रोल मिळू लागलं, भट्टी काढून टाकली. घरात तुम्ही आणि मी, दोघंच. आमच्यात पाटाची चाल होतीच, विधवेनं दुसरं घर करणं काही पाप नव्हतं. माझा भाऊ मिरजगावहून दोनदा येऊन तुम्हाला विचारून गेला. तुम्ही म्हणालात, बघू. तुम्हाला सून नको होती हो, हात हवा होता. भाऊ शेवटी आपल्या मनानंच स्थळ बघायला लागला. नगरजवळच्या केडगावचा एक विधुर होता, इंजिनावरची पिठाची गिरणी चालवायचा, पोरंबाळं नव्हती. भावानं त्याला निरोप धाडला की बाजारच्या दिवशी मिरजगावला या, म्हाताऱ्याशी समोरासमोर बोलू. तो आपल्याच मोटारीतनं आला. अगदी माझ्या पाठीमागं बसला होता. मला भावानं कळवलं होतं कोण आहे ते, पण मी मागं वळून बघितलं नाही. माझी नजर तुमच्या गुडघ्यावर. त्या सकाळी मी गिअर असे घातले की कुणाला गाडीत गिअर आहे हे कळू नये. मला वाटत होतं, आज नीट गेलं की सगळं नीट होईल. बाईमाणसाला सुटका दिसली की ती कशालाही शकुन म्हणते.

मिरजगावला स्टँडवर चहाचं हॉटेल होतं, ताटव्यांचं, म्हणजे बांबूच्या तट्ट्यांच्या भिंतींचं. तुम्ही, माझा भाऊ आणि गिरणीवाला असे तिघं बाकावर बसलात. बाया हॉटेलात जात नसत, म्हणून मी मोटारीतच. मोटार तुम्ही ताटव्याला खेटून लावली होतीत, मला सगळं ऐकू येत होतं. तुम्हाला ते माहीत होतं. भाऊ चांगल्या शब्दांत बोलला. पोर तरणी हाय, जलम काढायचा हाय, तुमी बी म्हातारपणी किती दिस बघनार.  मग तुम्ही बशीतला चहा फुर्र करून ओढलात आणि म्हणालात,

"न्या की. मी कशाला अडवू? पर आदी एक सांगतो, मागनं मला दोस देऊ नका. घरात आमी दोगंच. मोटारीत बी माझ्या मांडीला मांडी लावून बसती. तिची नजर माझ्या मांडीवरनं हलत न्हाई, सगळं नगर बघतंय. आन् पदराखाली हात कुटं असतो, ते तिलाच इचारा."

आणि हसलात. मामंजी, तुम्ही हसलात! मुलगा गेला तेव्हा रडला नाहीत, हात जळाला तेव्हा शिव्या दिल्यात, हसताना मी तुम्हाला तेव्हा एकदाच ऐकलं. शब्द एकही खोटा नव्हता, हेच तर तुमचं कसब. मांडी, नजर, पदर, हात, सगळं खरं. तुम्हीच मला तिथं बसवलं, तुम्हीच कुठं बघायचं ते मारून शिकवलं, तुम्हीच पदर जाड आणून दिलात. आणि त्याचीच ही राड करून माझ्या अंगावर फेकलीत.

गिरणीवाल्यानं कपबशी खाली ठेवली. भाऊ उठला. मला वाटलं आता तुमच्या कानाखाली आवाज काढतो. त्यानं ताटव्याच्या फटीतनं माझ्याकडं बघितलं. ते बघणं मी विसरले नाही. सख्खा भाऊ, एका आईचं दूध प्यालेला, आणि त्याच्या डोळ्यांत मी पाहिलं की त्याला ते खरं वाटलं. क्षणभर का होईना. तो तसाच चालत गावात निघून गेला. मोटारीपाशीही आला नाही. मला तिथं बसल्या बसल्या सगळं लख्ख कळलं. आज ही गोष्ट मिरजगावात राहिली, उद्या नगरला पोचणार. मग भावाचं दार बंद, कुणाचं घर नाही, कुणी पाण्याला शिवू देणार नाही, आणि मग मी तुमच्या डाव्या अंगाला बसून मरेपर्यंत गिअर घालणार. तुम्हाला हेच हवं होतं. फार खर्च नाही आला तुम्हाला, एक कप चहा.

दुपारी पॅसिंजर भरले. एक कापडवाला होता नगरचा, तोंडाचा पट्टा अखंड चालू. एक म्हातारी कोंबड्या घेऊन, एक शाळामास्तर, आणखी बाजारची माणसं. गिरणीवाला परत माझ्या मागंच. त्याला परत केडगावला जायचंच होतं, दुसरी मोटार नव्हती. तुम्ही हँडल मारलंत, बसलात, गुडघा उचललात. आणि मी, काय सांगू, मी गिअर घातला. पहिला, दुसरा, तिसरा. सवय! हात आपला आपण चालत होता आणि मी आतल्या आत जळत होते.

रुईच्या अलीकडं तो ओढा लागतो. तेव्हा पूल नव्हता. उतरण उतरायची, रेतीतनं आणि घोटाभर पाण्यातनं जायचं, आणि पलीकडं उभा चढ. तिथं पहिल्यावर आलं नाही तर मोटार चढत नाही, आणि चालत्या मोटारीत पहिल्यावर येणं सगळ्यात अवघड. आपण दोघं ते फार सफाईनं करायचो. पाण्यातनं बाहेर निघता निघता तुमचा गुडघा उचलला. मी दुसऱ्यातनं दांडी काढून मधल्या जागेत आणली. तुम्ही क्लच सोडलात, रेस दिलीत, इंजिन चढलं, चढलं, जुळलं. गुडघा परत खाली गेला.

आणि मी हात काढून घेतला.

पदर दांडीवरनं उचलला, डोक्यावर नीट घेतला, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले, सगळ्यांना दिसतील असे. इंजिन नुसतं बोंबलत होतं. मोटार चढावर निम्म्यात आली, थांबली, आणि मागं सरकायला लागली. तुम्ही ब्रेक दाबलात, पण तेव्हाचे ब्रेक ते काय, सरकतच होती. तुम्ही ओठ न हलवता म्हणालात, "घाल." मग म्हणालात, "घाल की." मागं कापडवाला ओरडायला लागला, "अहो ड्रायव्हर, काय करता? गिअर घाला की!" तुमच्या मानेची शीर फुगली. तुम्ही माझ्याकडं वळून सगळ्या मोटारीला ऐकू जाईल असं ओरडलात, "घाल की गं रांडे!"

मी तुमच्याकडं बघितलं. तोंडाकडं. आणि तुमच्याशी पहिल्यांदा समोरून बोलले.

"तुमी घाला की, मामंजी. तुमच्या हातानं घाला."

तुम्हाला दुसरा उपायच नव्हता. तुम्ही चाक सोडलंत आणि उजवा हात अंगावरनं आडवा घालून दांडीला घातलात. मोटार मागं जात असताना पहिला पडतो होय? असा काही ओरडला तो गिअर, की कोंबड्यासुद्धा फडफडल्या. लोक उड्या टाकून उतरले. गिरणीवाल्यानं खाली उतरून मागच्या चाकाला धोंडा लावला, म्हणून मोटार पाण्यात गेली नाही. तुम्ही दांडीला लोंबकळल्यासारखे आडवे झाला होतात, आणि डावी बाही तशीच मांडीवर पडलेली.

"ओरडला, मामंजी," मी म्हणाले.

 मी मोटारीतनं उतरले आणि त्या सगळ्या लोकांना सांगितलं, "यांचा डावा हात जळून गेलाय. त्यातनं काडी उचलत न्हाई. गिअर मी घालते, आजवर मीच घातले. पदराखाली माझा हात तिथं असतो. दांडीवर. बघून घ्या." आणि तुमची कोटाची बाही मी स्वतः, माझ्या हातानं वर केली. तुम्ही लहान पोरासारखी ती खाली ओढायला बघत होतात. मी कोपरापर्यंत वर केली. म्हातारी "अगं बाई" म्हणाली आणि तोंड फिरवलं. कापडवाला म्हणाला, "आयला! म्हंजी आमी इतके दिस लुळ्याच्या गाडीत जीव मुठीत धरून?"  गिरणीवाल्याकडं मी बघितलं तर तो धोंडा नीट बसलाय का ते बघत होता.

रिकामी मोटार आपण दोघांनीच चढावर चढवली. तुमचा पाय, माझा हात.  वर आल्यावर निम्मे पॅसिंजर बसले, निम्मे रुईपर्यंत पायी जातो म्हणाले. नगरला उतरल्या उतरल्या कापडवाल्यानं सगळं सांगितलं असावं, कारण स्टँडवर लोक तुमच्या बाहीकडं बघत होते. पुढं पोलीस आले, लायसन गेलं, मोटार दारात उभी राहिली आणि कोंबड्या तिच्यात अंडी घालायला लागल्या. भाऊ रडत आला, पायावर डोकं ठेवायला निघाला. मी त्याला उठवलं, पण त्याच्या घरचं पाणी प्यायला मला फार वर्षं लागली. गिरणीवाल्यानं निरोप पाठवला आणि पाट लागला, केडगावात, चार माणसांत. निघताना मी रीत म्हणून तुमच्या पाया पडले. तुम्ही मोटारीच्या पायरीवर बसला होतात. मला वाटलं, आता तरी काहीतरी माणसासारखं बोलाल. तुम्ही म्हणालात, "वढ्यापासनं नगरपतूर एक बी गिअर ओरडला न्हाई." असं म्हणालात की जणू मला बक्षीस देताय. मी गाठोडं उचललं आणि निघाले.

तुम्ही गेलात तेव्हा मी आले होते. शेजाऱ्यांनी दोन वेळची भाकरी दिली म्हणून तग धरलात, असं कळलं. मी मडकं घेऊन चितेभोवती फिरणाऱ्याकडं बघत उभी राहिले आणि मला काही वाटेना. लोकांनी माझ्याकडं बघून हळहळ केली, मी पदर डोळ्यांना लावला. कोरडाच लावला.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. परवा आम्ही दोघं अंगणात शेंगा फोडत बसलो होतो. हे आता फार बोलत नाहीत, गिरणीनं कान गेलेत. मध्येच म्हणाले, "त्या दिशी सकाळीच मला कळलं हुतं." मी म्हटलं, कोणत्या दिवशी? म्हणाले, "मिरजगावला जाताना. मी तुज्या मागं बसल्तो. दर गिअरला तुजा खांदा हलायचा आन् म्हाताऱ्याचा हलायचा न्हाई. मी जलमभर इंजिनाजवळ बसल्याला मानूस, मला काय कळत न्हाई व्हय? हाटेलात म्हातारा ते बोलला, तवाच मला समजलं, ह्याला हात सोडवंना म्हून बोलतोय. मी तवाच ठरवलं, हिला न्यायची. कप ठिवला न्हाई का खाली? नगरला उतरलो की तुज्या भावाला सांगावा धाडनार हुतो."

मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलंत? तर म्हणाले, "तवा तू आपनहून सांगितलंस की. आन् नंतर तू कदी इचारलं न्हाईस." आणि परत शेंगा फोडायला लागले.

म्हणजे, मामंजी, त्याची गरजच नव्हती. मी मुकाट्यानं पहिला घातला असता, मोटार चढ चढली असती, नगरला पोचलो असतो, आणि आठ दिवसांत मी केडगावात असते. तुम्ही दुसरा कुणीतरी हात शोधला असता, मारून मुटकून शिकवला असता. तुमची मोटार राहिली असती, लायसन राहिलं असतं, बाही खाली राहिली असती. शेजाऱ्यांची भाकरी खावी लागली नसती.

दोन रात्री मी ह्याचा विचार केला. वाईट वाटेल म्हणून वाट बघितली. हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, घडी घालून कुठं ठेवणारही नाही, लिहून झालं की बंबात घालणार आहे, पाणी तापायचंय. म्हणून तुम्हाला एकट्याला सांगते. चहाच्या हॉटेलातनं उठून मोटारीपाशी येऊन यांनी मला कानात सांगितलं असतं ना, की बाई, मला सगळं कळलंय, मी तुला नेतो, तरीसुद्धा मी हात काढून घेतला असता. आणि रुईचा ओढा वाटेत नसता, तर मी दुसरा चढ शोधला असता.